बर्डीच्या टेकडीतला बुडालेला तलाव

लिम्निया तेलनखेडिएन्सिस. पॅलुडिना टाकलिएन्सिस. सक्सिनिया नागपुरेन्सिस. ही नावं मोठ्याने वाचली की नागपूरकराचे कान टवकारतात. लॅटिनच्या झुलीखालून आपली तेलंगखेडी, आपली टाकळी आणि आपलं नागपूर ओळखू येतं. गोड्या पाण्यातल्या आणि पाणकाठच्या, आता दगड होऊन गेलेल्या गोगलगाईंची ही नावं आहेत. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात ती १८६० साली छापली गेली. त्यांना ही नावं देणारा माणूस सीताबर्डीला राहत होता.

बर्डी म्हटलं की आज आठवते ती मेन रोडची गर्दी, मोदी नंबर एक-दोन-तीनच्या गल्ल्या, डोक्यावरून जाणारी मेट्रो आणि टेकडीच्या गणपतीपुढची मंगळवारची रांग. गणपतीच्या मागे किल्ला आहे. तो लष्कराच्या ताब्यात असून सामान्य माणसाला वर्षातून तीनच दिवस आत जाता येतं: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. आत गेलेली माणसं तोफा पाहतात, वरून शहर पाहतात. पायाखालच्या दगडाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. तो दगड म्हणजे एका तलावाची कबर आहे. तो तलाव कसा सापडला आणि शोधणाऱ्याचं पुढे काय झालं, हे कागदांवरून जुळवता येतं.

त्यासाठी चार छापील दस्तऐवज कामाचे आहेत. पहिला १८५५ चा, स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी मिळून नागपूरच्या परिसराच्या भूरचनेवर आणि जीवाश्मांवर लिहिलेला निबंध. दुसरा १८६० चा, एकट्या हिस्लॉपचा, ज्यात वरची लॅटिन यादी आहे. तिसरा १८६६ चा, मध्य प्रांतातल्या आदिवासींविषयीचे हिस्लॉपचे कागद सर रिचर्ड टेंपलने संपादून काढलेला ग्रंथ. चौथं म्हणजे जॉर्ज स्मिथने १८८८ साली लिहिलेलं हिस्लॉपचं चरित्र. चौघांचं वजन सारखं नाही. पहिले दोन लिहिले गेले तेव्हा लिहिणाऱ्याच्या टेबलावर शिंपले होते आणि चालत जाण्याच्या अंतरावर खडक होता, म्हणून दगडाबाबत मी त्यांचंच ऐकतो. टेंपल हिस्लॉपच्या अखेरच्या सफरीत सोबत होता. स्मिथने हिस्लॉपच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी लिहिलं, आणि तेही मिशनऱ्यांची चरित्रं ओळीने लिहिणाऱ्या माणसाच्या भक्तिभावाने. त्याच्याकडून तारखा आणि घटनाक्रम घ्यावा, विशेषणं त्याची त्यालाच ठेवू द्यावीत.

हिस्लॉपचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा, स्कॉटलंडच्या डन्स या गावचा. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या २६ आणि २७ तारखेला अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजा आणि इंग्रज यांच्यात बर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि नागपूरच्या राज्याचं पारडं फिरलं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी, १८४५ मध्ये, फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा मिशनरी म्हणून हिस्लॉप नागपुरात आला तेव्हा गादीवर तिसरे रघुजी भोसले होते आणि इंग्रज रेसिडेन्सी बर्डीलाच होती. तो मराठी शिकला. शाळा काढल्या. १८४७ मध्ये हंटर त्याच्या जोडीला आला. आजचं हिस्लॉप कॉलेज त्याच्या नावाने १८८३ मध्ये उभं राहिलं, म्हणून नागपूरकर त्याला ओळखतात तो कॉलेजमुळे. त्या नावामागे दगड फोडणारा माणूस होता हे कॉलेजात शिकलेल्या अनेकांनाही ठाऊक नसतं. माझ्या ओळखीत तिथे शिकलेले कितीतरी जण आहेत, त्यांना विचारून पाहिलं म्हणून हे लिहितो.

१८५१ साली हिस्लॉप आणि हंटर टाकळीकडे फिरायला गेले. टाकळी म्हणजे आज जिथे पोलीस लाईन टाकळी आहे तो भाग, बर्डीपासून वायव्येला, तेव्हा उघडा माळ. तिथल्या दगडात त्यांना शंख दिसले. त्या शंखांतला एक प्रकार जाणकारांच्या ओळखीचा होता. मद्रास सैन्यातला डॉक्टर जॉन ग्रँट माल्कमसन याने त्याआधी निर्मळच्या उत्तरेच्या डोंगरांतून असेच जीवाश्म गोळा केले होते आणि लंडनच्या जेम्स सॉवर्बीने केलेली त्यांची वर्णनं १८४० मध्ये प्रसिद्ध झाली होती. एका शंखाला ब्राह्मी लिपी वाचणाऱ्या जेम्स प्रिन्सेपचं नाव मिळालं: फायसा प्रिन्सेपी. टाकळीला सापडलेला हाच.

हा शंख नीट पाहण्यासारखा आहे. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरला तर बहुतेक गोगलगाईंचं तोंड उजव्या हाताला येतं, फायसाचं डाव्या हाताला. आपल्याकडे देवघरात दक्षिणावर्ती शंखाचं जे अप्रूप आहे ते याच उलट्या वळणाचं. हजारो शंखांत एखादाच तसा निघतो, म्हणून त्याची किंमत. फायसाच्या कुळात मात्र सगळेच तसे. आजच्या फायसाच्या मानाने प्रिन्सेपी बराच मोठा होता, आणि टाकळीच्या दगडातून तो हातोडीच्या घावासरशी बाहेर पडत असे. एकदा हे डावं वळण डोळ्यांत बसलं की ते तुटक्या तुकड्यातही ओळखू येतं.

पुढच्या काही वर्षांत दोघांनी परिसर पिंजून काढला. सिलेवाड्याच्या वाळूखडकातून वनस्पतींचे ठसे निघाले. त्यांवर चार्ल्स बनबरीने १८६१ मध्ये लिहिलं. मांगलीहून एका उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. रिचर्ड ओवेनने तिचं नाव ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स ठेवलं. पिसदुऱ्याहून मोठ्या हाडांचे तुकडे आले. टाकळीच्या थरातल्या भुंग्यांच्या पंखांवर अँड्र्यू मरेने आणि सूक्ष्म शिंपलीधारी जिवांवर रूपर्ट जोन्सने लिहिलं. नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये. त्याआधी हे सगळे दगड बर्डीहून रस्त्याने निघत आणि समुद्र ओलांडून लंडनला पोचत. एका माणसाची आवड आणि चिकाटी यांवर हे चाललं होतं. शाळा, प्रवचनं, पत्रव्यवहार सांभाळून उरलेल्या वेळात त्याने हे केलं, आणि मला हा माणूस आवडतो तो याचसाठी.

आता टेकडी. नागपूर दोन दगडांच्या सीमेवर वसलं आहे. पूर्वेला जुन्या शहराच्या बाजूला ग्नाइससारखे फार जुने खडक, आणि पश्चिमेला काळा पाषाण, म्हणजे थिजलेला लाव्हा, जो तिथून थेट मुंबईपर्यंत जातो. बर्डीची टेकडी या काळ्या पाषाणाच्या अगदी पूर्वकडेला आहे. हिस्लॉप आणि हंटर यांनी तिचा थरांचा क्रम सांगितला: खाली काळा पाषाण, मध्ये चिखलमातीचा पातळ पट्टा, त्यावर पुन्हा काळा पाषाण. मधल्या पट्ट्यात गोड्या पाण्यातले शंख. पावात जॅम भरावा तसा दोन लाव्हांच्या मध्ये तलावाचा तळ. टाकळीला हाच पट्टा, तेलंगखेडीलाही हाच.

त्या तळावरून तलाव उभा करता येतो, आणि साधार इतिहासाचं खरं कौशल्य इथे लागतं, कारण इथला साक्षीदार बोलत नाही, फक्त पडून असतो. फायसा कल्ल्यांनी श्वास घेत नाही. तिला हवेसाठी पृष्ठभागावर यावं लागतं. तेव्हा पाणी उथळ आणि संथ होतं. तिथेच कारा नावाच्या पाणवनस्पतीची गोल गोल बीजं सापडतात. ती उजेड पोचेल अशाच पाण्यात वाढते. सक्सिनिया पाण्यात राहतच नाही, काठच्या ओल्या पानांवर राहते, म्हणून काठ जवळ होता आणि हिरवा होता. भुंग्यांचे पंख, लाकूड, फळं आणि बिया आल्या कारण काठावर झाडं होती. माशांचे खवले आहेत, म्हणजे हे पावसाळ्यापुरतं डबकं नव्हतं.

याच पट्ट्यातले, पठाराच्या पूर्व कडेच्या वेगवेगळ्या गावांतून आलेले युनिओ जातीचे शिंपलेही महत्त्वाची साक्ष देतात. गोड्या पाण्यातल्या या शिंपल्यांची पिल्लं जन्मतः स्वतःच्या बळावर जगू शकत नाहीत. ती माशाच्या कल्ल्यांना किंवा पंखांना चिकटतात, काही दिवस त्याच्या जिवावर फिरतात आणि मग गळून तळाशी बसतात. आपल्या वैनगंगा-वर्धेच्या पात्रात आज मिळणारे शिंपलेही असेच वाढतात. म्हणून जिथे युनिओचा शिंपला आहे तिथे मासा होता, तो हाती लागो न लागो. शिंपल्याच्या पसरण्याला माशाच्या पोहण्याइतकीच मर्यादा होती. तलाव तलावाला जोडलेला असेल, नदी मध्ये असेल, तरच तो पुढे जाणार.

हिस्लॉपच्या यादीतली नावं मला एखाद्या पत्रसंग्रहासारखी वाटतात. युनिओ हंटेरी त्याच्या जोडीदाराच्या नावाने. युनिओ माल्कमसोनी आधी त्याच वाटेने गेलेल्या डॉक्टरच्या नावाने. पॅलुडिना सँकेई हे नाव नागपुरातला लष्करी इंजिनिअर रिचर्ड सँकी याचं. याच सँकीने पुढे १८८२ मध्ये बंगळुरात तलाव बांधला, तो आजही सँकी टँक म्हणून ओळखला जातो. ज्या माणसाचं नाव आधी एका नाहीशा झालेल्या तलावातल्या गोगलगाईला मिळालं, त्याच्याच नावाचा पाण्याने भरलेला तलाव नंतर झाला. आणि याच यादीत पॅलुडिना विरापाई आहे. लॅटिन प्रत्यय काढला की उरतो विरापा. कॅप्टन आणि डॉक्टरांच्या रांगेत हे नाव त्याच टाइपात, त्याच आकारात छापलेलं आहे. १८६० च्या लंडनी त्रैमासिकात हे सहज घडणारं नव्हतं. हिस्लॉपविषयीचा माझा आदर या एका ओळीने वाढला.

पण त्याची एक मोठी चूक झाली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. तलाव खाली आणि लाव्हा वर, हे त्याला पटलं. तलाव लाव्हाने बुजला, बरोबर. पण तलावाच्या खालीही लाव्हा होता, त्याचं काय करायचं? माल्कमसनच्या मार्गाने जात हिस्लॉपने असं मांडलं की खालचा पाषाण नंतर आला. जमिनीच्या पोटातून तो वर रेटला गेला आणि तलावाच्या गाळाखाली घुसून पसरला. म्हणजे त्याच्या हिशेबी मध्य भारतावर एकच विशाल गोडा तलाव होता आणि त्याच्यावर वरून आणि खालून, दोन्हीकडून आग आली. भूगर्भ खात्याच्या विल्यम ब्लॅनफर्डने १८६० च्या दशकात हे खोडून काढलं. पठारात असे गाळाचे पट्टे एका पातळीवर नाहीत, अनेक पातळ्यांवर आहेत. लाव्हाचा एक लोंढा थिजायचा, त्याच्या खोलगट भागात पाणी साचायचं, जीव वस्ती करायचे, मग पुढचा लोंढा यायचा. तलाव एक नव्हता, कितीतरी होते, आणि प्रत्येकाला दोन स्फोटांमधली उसंत मिळाली होती. भूशास्त्राचा पहिला धडा आहे की खालचा थर आधीचा. हिस्लॉपने अपवाद शोधला, आणि उत्तर नियमातच होतं.

हा नियम किती साधा आणि किती उपयोगाचा आहे हे मला एका अगदी वेगळ्या तलावावरून नीट कळलं. अमेरिका आणि कॅनडा यांच्यामध्ये ह्युरॉन नावाचा समुद्राएवढा तलाव आहे. ११ एप्रिल १९४४ रोजी सेकंड लेफ्टनंट फ्रँक मूडी हा टस्कीगीचा कृष्णवर्णीय वैमानिक सराव करत असताना त्याचं पी-३९ एअराकोब्रा विमान पोर्ट ह्युरॉनजवळ पाण्यात कोसळलं. २०१४ च्या एप्रिलमध्ये, अपघाताला बरोबर ७० वर्षं झाली त्याच दिवशी, पाणबुड्या बाप-लेकांना ते सुमारे ३० फूट पाण्यात सापडलं. पुढे मिशिगन राज्याचे सागरी पुरातत्त्वज्ञ वेन लुसार्डी यांनी त्याचा अभ्यास केला. धातूवर शिंपले बसलेले होते.

ते शिंपले तिथले नव्हते. काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या बाजूचे झेब्रा आणि क्वागा शिंपले जहाजांच्या तळटाक्यांतल्या पाण्यातून अमेरिकेत पोचले. झेब्रा शिंपला प्रथम १९८८ मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये दिसला, म्हणजे मूडी पडला त्या जागेच्या खालच्याच पाण्यात. त्यांच्या पिल्लांना मासा लागत नाही. ती डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी लहान असताना पाण्यात मोकळी तरंगतात, आणि जिथे कठीण पृष्ठभाग मिळेल तिथे चिवट धाग्यांनी चिकटतात: खडक, नळ, जहाजाचं लाकूड, विमानाचा पंख. देशी युनिओच्या पाठीवरही ती बसतात. इतकी बसतात की त्याला कवच उघडता येत नाही आणि तो उपाशी मरतो. ज्याला पसरायला मासा लागतो त्याच्यावर ज्याला काहीच लागत नाही तो भारी पडला.

शोध घेणाऱ्यांसाठी यात एक विचित्र गुंता आहे. हे शिंपले पाणी गाळून पितात, एकेक शिंपला दिवसाला लिटरभर पाणी गाळू शकतो, त्यामुळे तलाव नितळ झाले आणि पूर्वी न दिसणारे तळ दिसू लागले. त्याच शिंपल्यांनी बुडालेल्या वस्तूंवर थर चढवला, तपशील झाकले, आणि खरडून काढायला गेलं तर रंग आणि क्रमांकही सोबत निघतात. मिशिगन तलावात दुसऱ्या महायुद्धात वूल्व्हरिन आणि सेबल या दोन सराव-जहाजांवरून उडालेली शंभरावर विमानं बुडाली. त्यांचाही शोध आज याच गुंत्यात आहे.

पण माझं लक्ष गेलं ते क्रमाकडे. विमान १९४४ चं, शिंपले १९८८ नंतरचे. म्हणून शिंपले विमानावर आहेत, विमान शिंपल्यांवर नाही. कागद सगळे जळून गेले तरी हा क्रम तळाशी लिहिलेला राहणार. बर्डीच्या टेकडीतही असाच मजकूर आहे: खालचा लाव्हा, मग शंख, मग वरचा लाव्हा. हिस्लॉपने तो डोळ्यांनी पाहिला, हातांनी फोडला, आणि वाचताना एक ओळ खालची वर केली.

आपल्याकडे हे शिंपले नाहीत, पण त्यांच्याच कुळातला एक आहे. मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा मायटिलॉप्सिस सॅलेई १९६० च्या दशकात विशाखापट्टणमच्या बंदरात आणि मग मुंबईच्या गोदीत आला. नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या करंदे आणि मेनन यांनी १९७५ मध्ये त्याची भारतीय बंदरातला नवा उपरा अशी नोंद केली. १९९९ मध्ये हाच शिंपला ऑस्ट्रेलियात डार्विनच्या नौकातळात सापडला तेव्हा तिथे बंदरं बंद करून पाण्यात क्लोरिन आणि तांब्याची संयुगं ओतली गेली. काही आठवड्यांत त्याचा नायनाट झाला, कारण वेळेवर कळलं. मुंबईत तो राहिला.

परत हिस्लॉपकडे, १८६३ कडे यायला हवं. मध्य प्रांत १८६१ मध्ये झाला होता आणि रिचर्ड टेंपल त्याचा प्रमुख होता. त्याला जुन्या वस्तूंमध्ये रस होता, हिस्लॉपला तर होताच. नागपूरच्या दक्षिणेला बोरीच्या बाजूला टाकळघाट आहे. तिथल्या माळावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत. विदर्भात अशी शिळावर्तुळं शेकड्याने आहेत, शेतकरी नांगरता नांगरता त्यांना वळसा घालतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला दोघं ती खणून पाहायला गेले. ४ सप्टेंबरला काम आटोपल्यावर टेंपल पुढे मुक्कामावर गेला. हिस्लॉप मागे राहिला, कारण तिथली शाळा त्याला तपासायची होती. मला हे वाचताना दरवेळी थांबायला होतं. खोदकामासाठी आलेला माणूस शाळा पाहायला मागे राहिला.

पावसाळ्याचे दिवस होते. परतीच्या वाटेवर एक ओढा होता. विदर्भातले ओढे कसे असतात हे इथे राहिलेल्याला सांगावं लागत नाही. दुपारी घोट्याला पाणी असलं तरी वर कुठे पाऊस झाला की संध्याकाळी तोच ओढा छातीएवढा होतो, आणि काळ्या मातीचे काठ धरायला गेलं तर हातात येतात. हिस्लॉपचा घोडा मुक्कामावर आला तेव्हा त्याच्या पाठीवर स्वार नव्हता. शोध सुरू झाला. पाण्यात प्रेत सापडलं. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता.

टेंपल वयाने त्याच्याहून लहान, प्रांताचा मालक, आणि त्या दिवशी पुढे निघून गेलेला. हिस्लॉपच्या मागे राहिलेल्या कागदांत गोंड आणि इतर जमातींविषयीची टिपणं होती, गोंडांच्या लिंगोची दीर्घ कथा गोंडी भाषेत उतरवलेली होती. टेंपलने ती टिपणं स्वतः संपादून १८६६ मध्ये नागपुरात छापवून घेतली. प्रांताचा कारभार उभा करण्याच्या धामधुमीत त्याने यासाठी वेळ काढला. या पुस्तकाकडे मी ग्रंथापेक्षा कर्जफेड म्हणून पाहतो. गोंडी मौखिक परंपरेवर पुढे ज्यांनी काम केलं त्यांना या पानांपासून सुरुवात करावी लागली.

टाकळघाटची शिळावर्तुळं खऱ्या अर्थाने वाचली गेली ती शंभर वर्षांनी. १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव यांनी टाकळघाट आणि खापा इथे उत्खनन केलं. वर्तुळांत लोखंडाची हत्यारं आणि पुरलेल्यांच्या वस्तू मिळाल्या, आणि त्या लोकांच्या राहत्या वस्तीचाही शोध लागला. पुरण्याची जागा आणि जगण्याची जागा एकत्र समोर आल्यावर विदर्भाच्या लोहयुगाचं चित्र पालटलं.

टाकळीच्या शंखांचाही पुन्हा हिशेब झाला. हिस्लॉपने तो तलाव तृतीयक काळातला मानला होता. १९८० च्या दशकात टाकळीच्या त्याच पट्ट्यात डायनोसॉरच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे सापडले, आणि वय मागे सरकलं. दख्खनचे लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, क्रिटेशस काळाच्या शेवटच्या टप्प्याचे. म्हणजे बर्डीच्या त्या उथळ पाण्यात फायसा हवा घ्यायला वर यायची तेव्हा काठावर डायनोसॉर असायचे. पिसदुऱ्याची हाडंही त्यांचीच होती, फक्त हिस्लॉपला तो संबंध दिसायची वेळ आलेली नव्हती. २००८ मध्ये जोसेफ हार्टमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हिस्लॉपची १८६० ची लॅटिन वर्णनं एकेक करून तपासली. दीडशे वर्षांनी कुणीतरी ती यादी ओळ न् ओळ वाचली, आणि बर्डीच्या माणसाला त्याच्या नावांचं श्रेय पुन्हा मिळालं. प्रिन्सेपीचं कुळनाव आता बदललं आहे, त्याला प्लॅटिफायसा म्हणतात. बाकी त्याचं डावं वळण तेच आहे.

गेल्या पावसाळ्यात मी घरच्या मत्स्यपेटीसाठी बर्डीहून पाणवनस्पतींची एक जुडी आणली. आठवडाभराने काचेवर एक सेंटिमीटरभर लांबीचा तपकिरी शंख दिसला, मग तीन, मग मोजता येईनात. टोक वर करून पाहिलं, तोंड डाव्या हाताला. ही फायसेला अक्युटा. मूळची उत्तर अमेरिकेची, पण तिचं शास्त्रीय वर्णन १८०५ मध्ये ड्रापार्नो या फ्रेंच माणसाने फ्रान्सच्या गारोन नदीतल्या शंखांवरून केलं. म्हणजे शास्त्राला तिची ओळख झाली तेव्हाच ती परक्या नदीत पोचलेली होती. आता ती जगभरच्या गटारांत, हौदांत आणि मत्स्यपेट्यांत आहे, महाराष्ट्रातही. तिला पसरायला मासा लागत नाही, पाणवनस्पतीची एक जुडी पुरते.

प्रिन्सेपीची ती वंशज नाही. पण डाव्या तोंडाची मोठी फायसा जिथे लाव्हाखाली गेली, त्याच टेकडीच्या पायथ्याच्या बाजारातून डाव्या तोंडाची लहान फायसा माझ्या घरी आली. मी ती काढून टाकली नाही. रात्री दिवा लावला की ती काचेवरून सरकत पृष्ठभागापाशी येते, क्षणभर कवचाचं तोंड पाण्याच्या रेषेला लावते, हवा घेते आणि खाली जाते. त्या तलावात पाणी उथळ होतं हे कागदावर कळलं होतं, पण ते दिसतं इथे.